जावळी खोऱ्याची दुर्गमता

'दुर्गम' हा शब्द आपल्या बोलण्यालिहिण्यात इतक्या सैलपणे येतो की, त्याच्या पोटात एक मोठे विधान दडलेले आहे हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. डोंगरातले एखादे गाव दुर्गम आहे असे आपण म्हणतो, तेव्हा ते गाव पहिल्यापासून तसेच होते, निसर्गानेच त्यास जगापासून तोडून ठेवले आहे, आणि म्हणून तेथे सांगण्याजोगे फारसे काही घडलेही नसावे, असे आपण मनाशी धरून चालतो. अशा गावास भूगोल असतो, इतिहास नसतो. फार झाले तर एखाद्या गडाच्या पायथ्याचे गाव म्हणून गडाच्या इतिहासात त्याचा ओझरता उल्लेख होतो. या समजुतीची परीक्षा प्रस्तुत लेखात एका खोऱ्याच्या उदाहरणाने करण्याचे आम्ही योजिले आहे. खोरे वाचकांच्या नावाने चांगले परिचयाचे आहे. ते म्हणजे जावळीचे.

महाबळेश्वरास उगम पावणारी कोयना कृष्णेप्रमाणे देशाकडे धाव घेत नाही. सह्याद्रीची मुख्य धार उजव्या हातास व बामणोलीची डोंगररांग डाव्या हातास ठेवून ती सुमारे ६५ किलोमीटर दक्षिणेस जाते, हेळवाकेपाशी एकदम पूर्वेस वळते आणि कऱ्हाडास कृष्णेला मिळते. या दोन रांगांमधला चिंचोळा मुलूख, आणि कांदाटी व सोळशी या उपनद्यांची खोरी, मिळून ज्यास ढोबळपणे जावळीचे रान म्हणत, तो प्रदेश होतो. आज तो महाबळेश्वर, जावळी व पाटण या तालुक्यांत वाटला गेला आहे. येथील गावे म्हणजे डोंगराच्या उतारावर विसावलेल्या पाच-पंचवीस उंबऱ्यांच्या वाड्या. त्यांच्याही वर पठारावर गवळी धनगरांचे वाडे. नाचणी आणि वरी ही येथली मुख्य पिके, पाणथळ सखल जागी भात. पाऊस किती पडतो याची कल्पना आमच्या उपनगरवासी वाचकांस एका आकड्याने येईल. २६ जुलै २००५ च्या महापुरात सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि तो दिवस मुंबईकर अद्याप विसरलेले नाहीत. महाबळेश्वरास वर्षाकाठी सरासरीने त्याच्या जवळजवळ सहापट पाऊस पडतो. सांताक्रूझपासून या खोऱ्यातला तापोळा नकाशावर सरळ रेषेने मोजला, तर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर भरतो. असे असून त्याच्या पलीकडच्या तीरावरील गावात जावयाचे म्हणजे अगदी अलीकडच्या काळापर्यंत लाँचेची वाट पाहत बसणे ओघाने आलेच. दुर्गमतेविषयी कोणास शंका असावयाची नाही. प्रश्न एवढाच की, ती केव्हापासूनची?

प्राचीन काळाकडे पाहिले तर चित्र निराळे दिसते. कोकणातून मीठ, सुकी मासळी, नारळ वर जावयाचे आणि देशावरून धान्य, गूळ, तूप खाली उतरावयाचे, हा सह्याद्रीच्या दोन्ही अंगांचा नित्याचा व्यवहार. आणि त्याच्या वाटा याच मुलखातून गेलेल्या. चिपळुणाहून कुंभार्लीच्या घाटाने हेळवाकेवरून कऱ्हाडास जाता येई. महाडाहून पारघाटाने वाईस. या वाटांची दोन्ही टोके पाहावी. खाली महाडजवळ गांधारपाले व कोल येथे बौद्ध लेणी आहेत. वर वाईजवळ लोहारे येथे आणि कऱ्हाडजवळ जखिणवाडीच्या डोंगरात आहेत. लेणी खोदण्यास धन लागते, आणि ते धन व्यापाराच्या वाटेवरच गोळा होते. मध्य हिंदुस्थानातील भारहुत येथील स्तूपास दान देणाऱ्यांत कऱ्हाडच्या लोकांची नावे कोरलेली आहेत. हा स्तूप इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा. ज्या गावचे लोक इतक्या दूरच्या पुण्यस्थळास दान धाडू शकत, त्या गावास समुद्राकडे नेणारी वाट या खोऱ्याच्या तोंडावरून जात होती. दोन हजार वर्षांपूर्वी हा प्रदेश निबिड होता यात संशय नाही. परंतु निबिड असणे निराळे आणि बाजूस पडलेले असणे निराळे.

उत्तरकालीन पुरावा पाहिजे असेल, तर तो गावांच्या नावांतच आहे. पारघाटाच्या तोंडाशी 'पेठपार' नावाचे गाव आहे. पेठ म्हणजे बाजार. घाट चढून आलेल्या बैलांनी जेथे दम घ्यावयाचा, जेथे गोण्या उतरावयाच्या, जकात भरावयाची, तेथे पेठ वसली. बाजार उठून गेला तरी नाव राहिले. वासोट्याच्या पायथ्याशी 'मेट इंदवली' आहे. मेट म्हणजे गडाच्या चढावर बसविलेली पहारेकऱ्यांची चौकी. म्हणजे हे गाव एका लष्करी व्यवस्थेचा अवयव होते, आणि तेथील माणसांचा योगक्षेम काही अंशी तरी गडाच्या नोकरीवर चाले. अनेक गावांच्या नावांपुढे 'तर्फ' हा शब्द अजून सरकारी दप्तरात लावतात. तर्फ हा जुना महसुली विभाग. ज्या मुलखाची तर्फवार विभागणी होते, तो मुलूख राज्यकर्त्यांच्या हिशेबात पूर्णपणे असतो. बाजार, चौकी आणि महसूल या तीन गोष्टी ज्या प्रदेशाच्या नावानावांत मुरलेल्या आहेत, त्यास इतिहासाबाहेरचा प्रदेश कसे म्हणावे?

येथे कोणी म्हणेल की, जावळीचे मोरे पिढ्यानुपिढ्या टिकले ते या रानाच्या बळावरच. आदिलशाही फौजांस येथे शिरता येत नव्हते म्हणूनच ना? खरे आहे. परंतु या आक्षेपातच आमच्या म्हणण्याचे इंगित आहे. विजापूरच्या दरबाराने मोऱ्यांस 'चंद्रराव' हा किताब देऊन त्यांचा अंमल मान्य केला, तो रान निरुपयोगी होते म्हणून नव्हे. देश आणि कोकण यांमधली दारे मोऱ्यांच्या हाती होती, आणि दारवानाशी सलोखा ठेवणे दरबारास भाग होते. जावळी दुर्गम होती ती परक्या घोडेस्वारास. तेथल्या माणसास, तेथल्या लमाणास, मिठाची गोणी घेऊन निघालेल्या बैलास ती वाट रोजच्या पायाखालची होती. दुर्गमता हे त्या काळी खोऱ्याचे दारिद्र्य नसून भांडवल होते.

हे भांडवल ज्याने सर्वांत अचूक ओळखिले, त्याचे नाव सांगण्याची गरज नाही. शिवाजी महाराजांनी जानेवारी १६५६ मध्ये जावळी घेतली आणि त्याच वर्षी मोऱ्यांचा रायरीही घेतला. तोच पुढे रायगड होऊन राजधानीचे ठिकाण झाला. जावळीच्या मोऱ्यांविषयी जी बखर प्रसिद्ध आहे, तिच्या विश्वसनीयतेविषयी संशोधकांत मतभेद असल्यामुळे तीतील पत्रांचा व संवादांचा आधार आम्ही घेत नाही. घटनांचा क्रमच पुरेसा बोलका आहे. जावळी हाती येताच पारघाटाच्या माथ्यावर, भोरप्याच्या डोंगरावर मोरो त्रिंबक पिंगळ्यांकडून प्रतापगड बांधविण्यात आला. गड रानात लपण्यासाठी बांधलेला नाही. तो वाटेवर नजर ठेवण्यासाठी बांधलेला आहे. तीन वर्षांनी अफझलखान वाईहून निघून रडतोंडीच्या घाटाने पारास उतरला, तेव्हा भला मोठा सरंजाम घेऊन तो ज्या वाटेने उतरला, तीच त्याच्या सैन्यास परतीची उरली नाही. हा खान वाईचा पूर्वीचा सुभेदार; मुलूख त्यास अगदीच अनोळखी होता असे नव्हे. परंतु मुलूख ठाऊक असणे आणि मुलूख आपलासा असणे यांतील अंतर १० नोव्हेंबर १६५९ च्या दिवशी दिसून आले. त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा मराठ्यांच्या हाती आला. जेथून अठरा दिवसांत पन्हाळ्यापर्यंत मजल मारता येते, ते ठिकाण जगाच्या कोपऱ्यात नाही. ते मुलखाच्या मध्यावर आहे.

पेशवाईच्या अखेरपर्यंत या खोऱ्याचे हे स्थान कमीअधिक टिकून होते. कोयनेच्या पश्चिम तीरावरचा वासोटा, ज्यास महाराजांनी व्याघ्रगड हे नाव दिले, त्याचा उपयोग मुख्यतः बंदिवानांसाठी होऊ लागला, हा उतरणीचा आरंभ म्हणता येईल. तथापि उतरणीवरही गड निर्जीव नव्हता. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत औंधकर पंतप्रतिनिधी परशुरामपंत कैदेत पडले, तेव्हा त्यांच्या पक्षाने उठावणी करणारी ताई तेलीण हिने वासोट्याचा आश्रय केला आणि बापू गोखल्यांसारख्या नामांकित सेनापतीस कित्येक महिने दाद दिली नाही. धान्याच्या कोठारास आग लागली तेव्हाच गडाचा पाडाव झाला. आता, गड महिनोन्महिने लढतो तो केवळ तटाच्या बळावर नव्हे. त्यास खालून माणसे, बातमी, रसद मिळावी लागते. ताई तेलिणीचे नाव लोकांच्या तोंडी राहिले. तिला धान्य आणि बातमी पोहोचविणाऱ्या खोऱ्यातील माणसांची नावे कोणी लिहून ठेविली नाहीत. परंतु ती होती, एवढे अनुमान करण्यास हरकत नाही.

१८१७ मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपले, तेव्हा साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांचे कुटुंब बाजीरावाने वासोट्यावर ठेविले होते; पुण्याच्या वाटेवर धरलेले हंटर व मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारीही तेथेच कैदेत होते. एप्रिल १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा चढवून गड घेतला व त्या दोघांस मुक्त केले. त्या दिवसापासून जावळीचे खोरे मोठ्या इतिहासातून बाहेर पडले, असे म्हणावयास हरकत नाही. आणि आमच्या मते 'दुर्गम' हे विशेषण त्यास आजच्या अर्थाने लागू होण्यास आरंभही तेथूनच झाला.

हा बदल कसा घडला, हे पायरीपायरीने पाहिले पाहिजे. कारण तो एका आघाताने घडलेला नाही.

पहिली पायरी गडांची. इंग्रजी अमलात गडांचे प्रयोजन संपले. मेटांवरचे पहारे उठले, गडकऱ्यांची नोकरी गेली. ज्या गावचा अर्धा संसार पहाऱ्यावर चालत होता, त्यास उरलेला अर्धा डोंगराच्या उतारावर शोधावा लागला.

दुसरी पायरी वाटांची. १८२९ मध्ये महाबळेश्वरी माल्कमपेठ वसली आणि साहेबलोकांच्या उन्हाळ्यासाठी तेथे रस्ते झाले. ते सातारा व वाईकडून माथ्यावर आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंबेनळीच्या घाटाने महाडाकडे गाडीरस्ता उतरला, तेव्हा शेजारच्या पारघाटाचे महत्त्व आपोआप संपले. तिकडे १८६३ मध्ये आगगाडी बोरघाट चढली, आणि त्यानंतर पुण्याहून मिरजेकडे जाणारा लोहमार्ग झाला तो साताऱ्याच्याही पूर्वेने, कोरेगावावरून. मीठ आता आगगाडीने जाऊ लागले. बैलांच्या तांड्यांची वर्दळ थांबली म्हणजे केवळ बैल येत नाहीत असे नाही. त्यांच्याबरोबर येणारा पैसा, बातमी, सोयरीक आणि जगाची जाणीव याही येण्याच्या थांबतात. हातलोटच्या घाटासारख्या वाटा पायवाटा होऊन राहिल्या. डोंगर होते तेथेच होते आणि गावेही होती तेथेच होती. जग मात्र दुसऱ्या वाटेने जाऊ लागले.

तिसरी पायरी रानाची. या मुलखात उतारावरील झाडोरा तोडून, जाळून, त्या राखेत नाचणी-वरी पेरावयाची, आणि दोन-तीन वर्षांनी ती जागा रानास परत देऊन दुसरीकडे जावयाचे, अशी कुमरी शेती चाले. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर रान राखीव झाले आणि कुमरीवर निर्बंध आले. रान राखले जावे याविषयी आमचे दुमत नाही. परंतु कुमरी गेली तेव्हा तिच्या जागी दुसरे काही आले नाही, ही गोष्ट नमूद केलीच पाहिजे. पोटाचे दोन आधार, वाट आणि रान, एकाच पिढी-दीडपिढीत सुटले.

मग माणसे कोठे गेली? ती मुंबईस गेली. १८५६ मध्ये तेथे पहिली कापडगिरणी चालू झाली होती, आणि पुढील अर्धशतकात गिरण्या, गोदी व बंदरावरची गोदामे यांनी घाटमाथ्याच्या व कोकणाच्या तरुणांस ओढून घेतले. पाटण-जावळीकडचा माणूस पाठीवर ओझे घेण्यात तरबेज. कारण त्याच्या गावी घाट चढताना ओझे पाठीवर किंवा डोक्यावरच असावयाचे. मुंबईच्या धान्यबाजारात, मशीद बंदराच्या वखारींत माथाडी म्हणून हाच माणूस उभा राहिला. त्याची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी व हमाल कामगारांचे नियमन करणारा जो कायदा झाला, तो देशात या प्रकारचा अग्रेसर होता. शहरात या मंडळींनी गाव मोडले नाही. एका गावच्या लोकांनी मिळून एक खोली घ्यावयाची, पाळीपाळीने तीत निजावयाचे, भाडे व खाणे वाटून घ्यावयाचे, आणि भिंतीवर ग्रामदैवताची तसबीर लावावयाची, ही गावकीच्या खोलीची पद्धत गिरणगावात रूढ झाली. तंटे तेथे मिटत, वर्गणी तेथे जमे, लग्ने तेथे ठरत. गावाचे मन मुंबईच्या खोलीत आणि देह खोऱ्यात, अशी ही विचित्र परंतु टिकाऊ रचना होती.

चौथी पायरी पाण्याची, आणि ती सर्वांत मोठी. स्वातंत्र्यानंतर हेळवाकेजवळ कोयनेवर १०३ मीटर उंचीचे धरण बांधण्यात आले. योजना असामान्य बुद्धीची होती. पूर्वेस वाहणारे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेस वळवावयाचे, कोकणात पोफळी येथे खोल पाडावयाचे, आणि त्या पडण्यातून वीज काढावयाची. १९६२ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. पुढे टप्प्याटप्प्याने वाढून तिची क्षमता १९६० मेगावॉटपर्यंत पोहोचली. महाराष्ट्राच्या औद्योगिक वाढीत या विजेचा वाटा फार मोठा आहे, आणि तिचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु ऋण म्हटले की धनको कोण, हेही सांगितले पाहिजे. हेळवाकेपासून तापोळ्यापर्यंत पसरलेल्या शिवसागर जलाशयाखाली खोऱ्याचा तळ गेला. म्हणजे भाताची जमीन गेली, नदीकाठची गावे गेली आणि नदीकाठाने जाणारी वाटही गेली. काही लोकांस सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशा दूरदूरच्या जिल्ह्यांत जमिनी देण्यात आल्या. काहींनी आपली घरे डोंगरावर सरकवून पाण्याच्या कडेस राहणे पसंत केले. पुनर्वसनाचे राहिलेले प्रश्न घेऊन या लोकांची मुले-नातवंडे धरणानंतर साठ वर्षांनीही कोयनानगरास आंदोलनास बसत आली आहेत. इकडे पाण्याच्या पश्चिमेस राहिलेली कांदाटी खोऱ्याची गावे एका अर्थाने बेटे झाली. मागे सह्याद्रीचा कडा आणि पुढे जलाशय. ज्या खोऱ्यातून पूर्वी कोकण आणि देश यांची दारे उघडत, त्याचे एक दार रस्त्यांनी निकामी केले होते, दुसरे पाण्याने बंद झाले.

या पाण्याच्या पाठोपाठ भूकंप आला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या परिसरात झालेल्या धक्क्याने पावणेदोनशेच्या आसपास माणसे मृत्यू पावली. जलाशयाच्या दाबामुळे भूकंप होऊ शकतो काय, या प्रश्नाची चर्चा जगभरचे शास्त्रज्ञ करतात, तेव्हा कोयनेचे उदाहरण प्रथम घेतात; या खोऱ्याचे नाव साऱ्या जगास ठाऊक झाले ते अशा रीतीने. पुढे १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झाले. २०१० मध्ये ते चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याची गणना झाली. व्याघ्रगड पुन्हा वाघांच्या नावे लागला, आणि मेट इंदवलीसारखी गावे ओस पडली. आज वासोट्यास जाणारा हौशी तरुण बामणोलीहून लाँचेने येतो, वनखात्याचा परवाना दाखवितो, ओस गावाच्या खुणांवरून चालत जातो आणि परत जाऊन सांगतो की, किती हे निर्जन अरण्य! त्याच्या सांगण्यात खोटे काही नाही. केवळ कालाचे भान नाही. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात मिरगाव, आंबेघर, ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली, तेव्हा डोंगरउतारावर राहणे किती धोक्याचे झाले आहे हेही दिसून आले.

अशी अवस्था केवळ आपल्याकडेच आहे असे नाही, हे दाखविण्यासाठी क्षणभर जपानकडे वळतो. शिकोकू बेटावरील तोकुशिमा प्रांतात इया नावाचे खोल डोंगरी खोरे आहे. ११८५ मध्ये तैरा घराण्याचा पाडाव झाला, तेव्हा त्याचे वाचलेले लोक या खोऱ्यात लपून राहिले, अशी तेथली परंपरा सांगते. नदीवरचे वेलींचे झुलते पूल हे त्या काळाची खूण मानतात. शत्रू आला की वेल तोडावयाची आणि वाट बुडवावयाची, अशी त्यामागची कथा. वाचकांस येथे आमच्या चकदेवच्या शिड्या आठवतील. कांदाटी खोऱ्याच्या माथ्यावरील या गावातून खाली खेड तालुक्यात उतरताना कड्यावर शिड्यांची वाट आहे. शिडी काढली की वाट संपली. दोन देश, दोन धर्म, दोन भाषा; परंतु डोंगराने माणसास शिकविलेली युक्ती एकच. इया खोऱ्यातही दुर्गमता हे एके काळी भांडवल होते, आणि तेथेही काळाने ते उलटविले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानचा तरुण कारखान्यांच्या शहरांस गेला; १९७० मध्ये ओसरत्या वस्तीच्या गावांसाठी तेथील सरकारास निराळा कायदा करावा लागला; पुढे ओनो आकिरा या समाजशास्त्रज्ञाने, ज्या गावात निम्म्याहून अधिक माणसे पासष्टीच्या पुढची आहेत त्यास 'मर्यादेवर आलेले गाव' असे नाव दिले. इयामधील नागोरो या गावी २०१९ च्या सुमारास तीस माणसेही उरली नव्हती. २०१२ मध्ये तेथली शाळा बंद झाली, आणि एका वृद्ध स्त्रीने गेलेल्या माणसांच्या कापडी बाहुल्या करून त्या शेतांत, बसथांब्यावर व शाळेच्या वर्गांत बसविल्या आहेत. त्या पाहण्यास आता दूरदूरचे प्रवासी येतात.

नागोरो आणि कांदाटीची गावे यांत एक भेद मात्र आहे, आणि आमच्या मते तोच या सर्व विवेचनाचा गाभा आहे. जपानी गाव रिकामे झाले ते बरेचसे मुले जन्मास न आल्याने. तेथे परत येणारा कोणी उरला नाही. आमच्या डोंगरी गावांची मुले जन्मास आलेली आहेत, जिवंत आहेत, आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई येथे आहेत. घाटाखालच्या रत्नागिरी जिल्ह्याचे उदाहरण घ्या. २००१ च्या खानेसुमारीत त्याची वस्ती १६,९६,७७७ होती, ती २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली. आणि त्याच वर्षी तेथे दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया मोजल्या गेल्या. जिल्हा आटतो आहे, आणि त्यातील पुरुष दुसरीकडे मोजले जात आहेत, असा याचा अर्थ. खोऱ्यातील गावांचेही असेच आहे. सरकारी मोजणीत गाव वीस उंबऱ्यांचे. परंतु यात्रेस, शिमग्यास, किंवा घर शाकारावयास येणारांची मोजदाद केली, तर तेच गाव पाचशे माणसांचे भरते. २०२२ ते २०२४ या काळात महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदी असलेले एकनाथ शिंदे हे जलाशयाच्या काठच्या दरे तर्फ तांब या लहानशा गावचे, आणि त्यांचे सारे सार्वजनिक जीवन घडले ते ठाण्यात. एका टोकाच्या उदाहरणाने सर्वसाधारण स्थिती कधी कधी अधिक स्पष्ट होते, म्हणून हा उल्लेख केला.

तेव्हा 'दुर्गम व विरळ वस्तीचे गाव' या वर्णनातील दोन्ही विशेषणे तपासून घेण्याची वेळ आली आहे. दुर्गम ते पूर्वी नव्हते. गडांच्या, रस्त्यांच्या, रानाच्या आणि पाण्याच्या संबंधाने जे निर्णय वेळोवेळी घेतले गेले, त्यांनी ते तसे झाले. या निर्णयांतील बरेचसे त्या त्या काळी योग्यही असतील. पण ते माणसांनी घेतलेले होते, निसर्गाने नव्हे. आणि प्रत्येक वेळी लाभ खोऱ्याबाहेरच्यांस झाला, तर किंमत खोऱ्याने दिली. वस्ती विरळ आहे हेही अर्धेच खरे. ती विरळ नाही, विखुरलेली आहे.

हा भेद शब्दच्छल वाटू नये, कारण त्यावर पुढील धोरण अवलंबून आहे. अलीकडे या भागात 'नवीन महाबळेश्वर' उभारण्याची योजना सरकारने हाती घेतली आहे, आणि जलाशयावर पूल बांधण्याची कामेही काढली आहेत. पुलाने आजाऱ्यास दवाखाना आणि मुलास शाळा जवळ येणार असेल, तर त्याचे स्वागत कोण करणार नाही? परंतु खोरे मुळात रिकामेच आहे, असे धरून योजना आखली, तर तिच्यात हॉटेले असतील, प्रेक्षणीय स्थळे असतील, आणि गावकरी असतील ते नोकर म्हणून किंवा जमीन विकणारे म्हणून. उलट, हे खोरे भरलेले आहे, फक्त त्याची माणसे शहरात कामास गेली आहेत, असे धरले, तर प्रथम विचारावयाचा प्रश्न निराळा होतो: त्यांस परत येता येईल, निदान ये-जा करता येईल, एवढे पोटाचे साधन तेथे कसे निर्माण होईल? माल्कमपेठेच्या वेळी हा प्रश्न कोणी विचारला नाही. दुसऱ्या महाबळेश्वराच्या वेळी तो विचारला जावा, अशी अपेक्षा करणे अवास्तव नाही.

इतिहासाच्या अभ्यासकांकडेही या बाबतीत एक काम आहे, आणि ते तातडीचे आहे. गडांचा इतिहास लिहिला गेला. वाटांचा आणि वाड्यांचा लिहिला गेला नाही. कोणत्या घाटाने कोणता माल जाई, कोणत्या ओढ्यापाशी तळ पडे, बुडालेल्या गावात देवळाची जागा कोठे होती, कोणत्या शेतास काय नाव होते, ही माहिती कागदावर थोडी आणि माणसांच्या स्मरणात पुष्कळ आहे. नागेश्वराच्या गुहेस महाशिवरात्रीस कोकणातून चोरवण्याच्या वाटेने चढून येणारे यात्रेकरू अजून जुनी वाट चालतात. त्यांच्यापैकी वृद्धांस विचारले तर वाटेवरच्या दगडादगडाचे नाव ते सांगतील. धरणापूर्वीचे खोरे डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता सत्तरीच्या पलीकडची आहेत. त्यांच्यापैकी अनेकांस भेटण्यासाठी जलाशय ओलांडावा लागत नाही, घाट चढावा लागत नाही. ती घाटकोपरच्या, मुलुंडच्या, आमच्या सांताक्रूझच्या वाकोल्याच्या चाळींत मुलांच्या घरी राहत आहेत. त्यांच्यापर्यंतची वाट दुर्गम आहे, असे तरी आपणांस म्हणता येणार नाही.